नानांच्या नावेची सेटिंग

लोक भेटल्यावर तब्येत विचारतात. आमचे चोपड्याचे शेजारी नाना विचारतात, “भाऊ, सेटिंग शे ना?” मी मोबाईल उघडून दाखवतो, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडतो.

ही सेटिंग त्यांच्या नावेची. निवृत्त झाल्यावर माणसं केळी लावतात, नानांनी तापीत नाव सोडली. वायपरची मोटर आणि होकायंत्राची चिप जोडून आपोआप वळणारं सुकाणू केलं. मग नदीत गोल चकरा मारून यंत्राला दिशा शिकवल्या. ते आकडे माझ्या मोबाईलमध्ये आहेत, पेन ड्राइव्हमध्ये आहेत, आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या पाटाखालीही एका कार्डात आहेत. “बठ्ठं गयं तरी चाली. सेटिंग नको जावाले.”

पण नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, गेल्या वर्षी वारल्या आणि तेव्हापासून नावही बिघडली. समोरचा काठ सोडून डावीकडे केळीच्या बागेत शिरू पाहते. मी चिडवायचो, “नाना, हिचं माहेर तिकडे आहे का?” नाना हसत सुकाणू ओढायचे.

परवा नवं सॉफ्टवेअर टाकताना यंत्रातले सगळे आकडे पुसले गेले. नाना पांढरेफटक पडले. मला मात्र आनंद झाला. “बरं झालं! नव्याने चकरा मारू, नाव सरळ तरी जाईल.”

“नको!” त्यांनी माझा मोबाईल जवळजवळ हिसकावला. त्यातले जुने आकडे यंत्रात परत भरले. संध्याकाळचं पाणी दुधासारखं स्थिर होतं. नाव निघाली, आणि थेट डावीकडे.

“अहो, पुन्हा तेच!”

नानांनी खिशातून अक्कांचा लोखंडी अडकित्ता काढला. आजवर त्याला हात लावायचा धीर झाला नव्हता म्हणे.

यंत्राशेजारची फळी दाखवत ते म्हणाले, “चकरा मार्‍यात तवय तुनी अक्का आठेच बठेल व्हती. सुपारी कातरत.”

लोखंडाजवळ होकायंत्र बहकतं. ते अक्कांच्या मांडीवरल्या अडकित्त्यासकट दिशा शिकलं होतं.

“सेटिंगमा ती आजून बठेल शे, भाऊ. नव्या चकरा मारीसन तिले उठाडू का?”

नानांनी अडकित्ता यंत्राशेजारी फळीवर ठेवला. नाव हळूच वळली आणि समोरच्या काठाकडे सरळ निघाली.

मी फळीवर जरा सरकून बसलो. अक्कांना जागा हवी होती.