गाठ मारलेले घड

मागच्या दाराची कडी वाजली आणि दुपारची सामसूम मोडली. समीक्षाला ऐकू आलं, पण उठता येईना. सहा वर्षांच्या सृष्टीनं झोपेत तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. मूठ सोडवली की पोर जागी, आणि पोर जागी की दुपार संपली. आत्या शेजारी गेल्या असतील, असं म्हणून तिनं लेकीच्या घामेजल्या कपाळाला गाल टेकवला. तिचाही डोळा लागला.

तेवढ्यात आत्यांनी, म्हणजे सासूबाई झुंबरबाईंनी, अख्खी आळी गोळा करून सुनेच्या बागेतली सगळी द्राक्षं तोडून टाकली.

बेडशातली ही वीस गुंठ्यांची बाग समीक्षानं भांडून लावली होती. लोणावळ्याकडच्या एका वायनरीसाठी द्राक्षं विकत घेणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमनी बजावलं होतं, "शिराज जातीचे हे काळे घड पिकले तरी तोडायचे नाहीत. वेलावरच सुरकुतू द्या. साखर दाटली की मी येऊन तोडणार. जेवणानंतर घोटभर घेतात, ती गोड वाईन होते यांची." झुंबरबाईंनीही बजावलं होतं, की यंदा द्राक्षं फसली तर तिथं परत इंद्रायणी भात.

जाग आल्यावर समीक्षा धावत बागेत पोचली तेव्हा अकरा माणसं हात धूत होती.

"आत्या, हे काय केलंत?"

"इर्जिक घातली! माल येलावर सडतोय, सून पोरीपायी अडकलीय, म्हनून समदे मदतीला आले. पिठलं-भाकरी खाऊन जातील बिचारे. अगं, रडतीस काय? घरच्यांचे उपकार मानायचे नसत्यात."

"अहो, मी मुद्दाम सुकवत होते!"

"येलावर? मग गच्ची कशापायी बांदली?"

घड गच्चीवर गेले. जुन्या लुगड्यांवर, कुरडयांच्या शेजारी. मॅडमना फोन करायचा तिला धीर होईना. चार दिवस ती घड खालीवर करत होती, चिमण्या हाकलत होती. पाचव्या दिवशी मॅडमचाच फोन आला, "उद्या येते."

शेजारचे सोपानभाऊ धीर द्यायला आले. "रस्त्याकडंची एकच ओळ दिसती. चाळीसेक घड परत बांदू. मॅडम गाडीतनं बघतील, खूश हुतील, जातील."

"आणि उतरल्या तर?"

"मग गाठ पक्की मारू."

गजऱ्याच्या हिरव्या दोऱ्यानं दिवेलागणीपर्यंत द्राक्षं वेलाला बांधली. "आमच्या वक्ताला न्हवती बाबा असली शेती," म्हणत झुंबरबाईच घड धरून उभ्या होत्या.

मॅडम उतरल्या. पहिल्याच घडाला त्यांचं बोट लागलं आणि घडानं दोऱ्यावर झकास गिरकी घेतली.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी," सोपानभाऊ छाती काढून म्हणाले. "वडून बगा. सुटायची न्हाई."

समीक्षानं डोळे मिटले. सृष्टीनं मात्र मॅडमचं बोट धरलं. "बाकीची वर हायेत," म्हणत तिनं त्यांना थेट गच्चीवर नेलं.

मॅडमनी एक मणी तोंडात टाकला. मग दुसरा. पर्समधून साखर मोजायची नळी काढली, काचेवर रसाचा थेंब टाकला आणि उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिलं.

"वेलावर अजून पंधरा दिवस लागले असते एवढ्या साखरेला. ही कल्पना कुणाची?"

मागोमाग वर आलेली सगळी आळी एकमेकांकडं बघू लागली. झुंबरबाई पदर खोचून पुढं झाल्या. "माजी. का?"

"सगळा माल घेते. पुढच्या वर्षीही असाच सुकवा. आणि आजी, बाटलीवर तुमचं नाव घालू. 'झुंबर'!"

"दारूच्या बाटलीवर माजं नाव?" झुंबरबाई कडाडल्या. मग म्हातारीनं खोचलेला पदर सोडला. "किती मोठ्या अक्षरात?"

गच्ची हसून हसून खाली येते की काय, असं झालं. झुंबरबाई स्वतःच म्हणाल्या, "भाताला काय, खालचं वावर हाय की." समीक्षानं लेकीला उचलून एक गिरकी घेतली.

सृष्टीनं तिच्या गळ्यात हात टाकले.

"आई, तुझं नाव कशावर असतंय?"

समीक्षानं बागेकडं पाहिलं, मग गच्चीवरच्या घडांकडं, मग सृष्टीकडं. "अजून कशावरच नाही. पुढच्या बाटलीवर घालू," ती म्हणाली.