वरीलप्रमाणे

माणूस विसरला जातो, पण रजिस्टर कधी विसरत नाही. त्याला फक्त वाळवी लागते. या थोर सत्यावर भिस्त ठेवून गावाबाहेरच्या जुन्या मनोरुग्णालयाने विस्मृत रुग्णांचा इतिहास शोधायला सात जणांची समिती नेमली. (आपण सदस्य आहोत, हे त्यांतले तिघे विसरले होते.)

सिस्टरना बोलावणं नव्हतं. बायकांच्या वॉर्डात उभी हयात घालवलेल्या, आता ऐंशीच्या सिस्टर आपणहून आल्या. त्यांना एकच ओळ लिहून हवी होती: बटणवाली वेडी नव्हती. अख्ख्या वॉर्डाची बटणं शिवणारी ही बाई रोज विचारायची, "आज येतील का हो मला न्यायला?" सिस्टर रोज सांगायच्या, "आज नाही गं, उद्या नक्की." एकोणीस वर्षांत असे जवळजवळ सात हजार उद्या झाले. मग ती गेली.

रजिस्टर उघडलं. 'दाखल करण्याचे कारण' या रकान्यात बटणवालीपुढे होतं : वरीलप्रमाणे. तिच्या वरचीपुढे, वरीलप्रमाणे. अशा दोनशे बारा जणी. आणि पहिलं पान वाळवीच्या पोटात.

समितीने न डगमगता निष्कर्ष काढला : त्या काळी बायकांत 'वरीलप्रमाणे' या आजाराची साथ होती.

"कसली साथ, कारकून आळशी होता!" सिस्टर म्हणाल्या. "पहिलीपुढे 'मोठ्याने हसते' लिहिलं नि हात आखडला. बटणवालीला आठ दिवसांसाठी आणलं होतं. घरी पाहुणे येणार होते."

(पाहुणे फारच रमले असावेत.)

"सिस्टर, आठवण म्हणजे पुरावा नव्हे," अध्यक्ष म्हणाले.

"आणि वाळवी म्हणजे पुरावा?"

"वाळवीची नोंद आहे. तुम्ही असं करा, घरच्यांकडून लेखी आणा."

'आणून सोडणाऱ्याचे नाव व पत्ता' हा रकाना मात्र शाबूत होता, ठळक वळणदार अक्षरात. तिथे एकदाही वरीलप्रमाणे नव्हतं. सिस्टरनी दोनशे तेरा पत्रं लिहिली. बटणवालीच्या घरी दोन, न जाणो एखादं गहाळ व्हायचं.

उत्तरं चोख आली. समितीच्या कारकुनाने पहिलं पूर्ण उतरवलं : 'आमच्या घरात अशी कोणी नव्हती.' त्याखाली दोनशे अकरा वेळा वरीलप्रमाणे.

बटणवालीच्या ओळीशी सिस्टरचं बोट थांबलं. "उद्या येईल हो दुसऱ्या पत्राचं उत्तर," त्या कारकुनाला म्हणाल्या. "नक्की."

तुमच्याही घरी पत्र आलं असेल. उत्तर तुम्ही स्वतः लिहिलंत, की वरीलप्रमाणे?