चार मजल्यांची मोहीम आणि आइस्क्रीमचा कोन

सकळ संसारी, नवविवाहित, विवाहेच्छुक आणि विवाहास सरावलेल्या जनांस विदित व्हावे जे, मोठमोठ्या लढाया जाहल्या, तख्ते पालटली, त्यांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ निपजले. परंतु ऐन उन्हाळ्यात, रविवारच्या दुपारी, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत जी मोहीम जाहली ती कोणी लिहून ठेविली नाही, आणि ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्या दुसऱ्या मजल्याच्या काकू ती भेटेल त्यास निराळीच सांगतात. सबब मागाहून कोणी तंटा करू नये म्हणोन ही हकीकत साद्यंत लिहिली आहे. चित्त देऊन ऐकावी, आणि हाती आइस्क्रीम असल्यास ते आधी संपवावे.

त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राजश्री भिंगोबा यांचा अंमल होता. अंमल म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी, जीत वाळत घातलेले कपडे आणि माणूस एकसमयी मावत नसत. भिंगोबा चष्म्याच्या दुकानी भिंगे घासून फ्रेमीत बसविण्याच्या कामावर नामजाद होते. दिवसभर लोकांची नजर दुरुस्त करावी, आणि घरी येऊन स्वतःचा चष्मा डोक्यावर असता घरभर शोधावा, ऐसी त्यांची ख्याती. भिंगोबा हा किताब त्यांस कुटुंबाने बहाल केला होता.

कुटुंब म्हणजे खाशा बाईसाहेब. शहरच्या पोहण्याच्या तलावावर शिकविणाऱ्या मास्तरीण. हिंमत ऐसी की खोल बाजूस उभ्या राहून शिट्टी फुंकली की बापेमाणसेही कठडा सोडीत. पोरे त्यांस ताई म्हणत, आणि भिंगोबा लाडात आले म्हणजे मास्तरीणबाई म्हणत, कारण ते मूळचे त्यांचेच शागीर्द. थोर वयात पोहणे शिकावयास गेले, आणि पाण्यास पाहून कठड्यास चिकटले. तेव्हा बाईसाहेब पाण्यात उलट पावली चालत, त्यांचे दोन्ही हात धरून हुकूम करित्या जाहल्या की, "खाली बघू नका. माझ्याकडे बघा. मी हात सोडत नाही." आणि तलावाच्या मध्यास नेऊन बेलाशक हात सोडला. भिंगोबा थोडे पाणी प्याले, पुष्कळ पाणी त्यांनी उडविले, आणि ते काठास लागले. मग दगा जाहला म्हणोन अबोला धरिला. बाईसाहेबांनी कळविले की हात सोडणे हाच धडा, बाकी सगळी त्याची तयारी. अबोला फार टिकला नाही, आणि वर्ष सरावयाच्या आत लग्न लागले.

त्या उभयतांमध्ये एक करार होता. उन्हाळा तापू लागला की पहिल्या सवडीच्या रविवारी दोघांनी कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानी जावे, एकेक कोन घ्यावा, आणि उन्हात उभे राहून खावा. ज्याच्या कोनाचा थेंब आधी जमिनीस लागेल त्याने उन्हाळाभर भांडी घासावी. गतवर्षी भिंगोबा पराभूत जाहले, त्याच्या आदल्या वर्षीही तेच, आणि त्यांचे हात आता भिंगांइतकेच कढयांना सरावले होते. परंतु हा दिवस त्यांस वर्षातील सर्वांत आवडता, हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते.

ऐसे सुख चालले असता थंडीच्या अखेरीस घात जाहला. बाईसाहेब तलावावर जावयास उशीर जाहला म्हणोन खांद्यास पिशवी लावून धावत उतरत असता, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये पाय निसटला, आणि घोट्याचे हाड मोडले. प्लास्टर जाहले. महिना गेला, आणखी दिवस गेले, मग खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी उचलून त्यांस हाडांच्या डॉक्टरांकडे नेले व आणले, आणि जाता येता जिन्यात बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. डॉक्टरांनी प्लास्टर कापून फर्मान काढिले की हाड जुळले, आता चालावे, जिना चढावा उतरावा, कसूर करू नये.

बाईसाहेब घरात चालू लागल्या. चालल्या काय, रेडिओ लावून ओट्यापाशी नाचल्याही. परंतु उंबरठ्यापाशी आल्या की पाय दुखे. आज नको, उद्या बघू, ऐसे उद्या पुष्कळ जाहले. इकडे सोमवारपासून तलावावर उन्हाळी वर्ग सुरू व्हावयाचे होते, आणि तेथील व्यवस्थापकांचा निरोप आला की सोमवारी हजर न जाहल्यास वर्ग दुसऱ्या कोणास सोपविणे भाग आहे. निरोप ऐकून बाईसाहेबांनी टॉवेलाच्या घड्या केल्या, मोडल्या, पुन्हा केल्या. भिंगोबांच्या जिवास घोर लागला. वर्ग गेला तर बाईसाहेबांचे पाणी गेले, आणि पाण्याविना त्या कशा राहतील हे त्यांस डोळ्यांपुढे आणवेना.

आणि रविवार उजाडला, तो नेमका करारातला रविवार. भिंगोबांनी भीतभीत गोष्ट काढली. बाईसाहेबांचा हुकूम जाहला की, "मला कोन इथे आणून दे. मग उद्याचं बघू." भिंगोबांनी अर्ज केला की डबा आणतो, फ्रीजमध्ये राहील. उत्तर आले की, "डब्यातलं नको. कोनच हवा." इतके बोलून त्यांनी तोंड फिरविले. मग भिंगोबांनी पायात चपला सरकविल्या आणि कूच केले.

दुपार ऐसी तापली होती की रस्त्यावरचे डांबर चपलेस धरून ठेवी. दुकानदार मामा हे बहुत दिवसांचे स्नेही. त्यांनी कोनात दोन गोळे रचून दिले आणि बजाविले की रेंगाळू नका. भिंगोबा कोन उंच धरून निशाणासारखा मिरवीत निघाले, रस्ता ओलांडिला, पहिला मजला जिंकिला, आणि दुसऱ्या मजल्यावर काकूंच्या चौकीत सापडले. काकूंचे दार सदा अर्धे उघडे असे, आणि त्यांची विचारपूस झेलल्याशिवाय त्या मुलखातून कोणी पार होत नसे.

"काय रे, पाय कसा आहे तिचा?" काकू म्हणाल्या. "कोमट तेल चोळतोस ना? खालून वर चोळायचं, वरून खाली नाही."

काकू जात्याच मायाळू, आणि माया करणाऱ्यास मध्येच तोडणे भिंगोबांस कधी साधले नाही. तेल संपले आणि शेक निघाला, शेक संपला आणि काकूंच्या मावसबहिणीचे गुडघे निघाले, आणि इकडे वरचा गोळा कलंडू लागला. रसद वाचवावी म्हणोन भिंगोबांनी एका बाजूने जीभ लाविली, तो दुसरी बाजू फुटली. तिकडे लाविली, तो बूड गळू लागले. ऐसी चहूकडून झुंज देत देत ते चौथ्या मजल्यास पोचले.

"हे काय?" बाईसाहेबांनी विचारले.

"कोन."

"आणि आतलं?"

"वाटेत वाचवत होतो."

त्यांच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली होती, सबब बचाव टिकला नाही. फितुरीचा आरोप शाबीत जाहला, आणि शिक्षा म्हणोन पुन्हा रवाना केले. परंतु जाताना बाईसाहेब हसल्या, हे भिंगोबांनी पाहिले आणि त्यांस हुरूप आला.

दुसरे खेपेस त्यांनी चहाचा थर्मास बरोबर घेतला, आणि कोन निराळा, आइस्क्रीम निराळे, ऐसी नामी तजवीज केली. काकूंस लांबूनच थर्मास दाखवून, डॉक्टरांचे औषध आहे, थांबता येत नाही, ऐसी थाप मारून चौकी ओलांडली. मग तिसरा मजला गाठिला आणि वर पाहतात तो चौथ्याचे दार सताड उघडे. बाईसाहेब जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. पायात बाहेरच्या चपला होत्या, केस विंचरले होते, कठडा दोन्ही हातांनी ऐसा धरिला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती, आणि बरा जाहलेला पाय पहिल्या पायरीवर टेकावयास जाई आणि माघारी येई. भिंगोबा खाली जागच्या जागी थिजले. थोड्या वेळाने त्यांनी मुद्दाम खोकून चाहूल दिली.

"तुलाच बघायला आले होते," बाईसाहेब म्हणाल्या, आणि झपझप आत गेल्या.

ते समयी भिंगोबांच्या ध्यानात सगळे आले. पाय दुखत नव्हता. मोठमोठ्यांस खोल पाण्यात उतरविणारी आपली मास्तरीण जिन्यास भ्याली होती, आणि ती गोष्ट स्वतःसही सांगत नव्हती. त्यांस आपलाच राग आला की लोकांस दिवसभर भिंगे लावतो आणि घरातले दिसले नाही. थर्मास उघडून पाहिला तो आतला चहाचा वास आइस्क्रीमास लागलेला. बाईसाहेबांनी एक चमचा चाखला आणि थर्मास मोरीत ओतला.

मग भिंगोबा खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि बोलते जाहले की, "कोन काही वर येत नाही. त्याला जिन्याची भीती वाटते."

"मला भीती वाटत नाही."

"मी कोनाबद्दल बोलतोय."

बाईसाहेब रागावल्या, मग हसल्या, मग हसता हसता त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "रोज तू कामावर गेलास की मी जाते दारापर्यंत. तिथे आले की ती पायरीच दिसते. मुलांना काय तोंडाने सांगू, घाबरू नका म्हणून?"

भिंगोबा उठले, दाराबाहेर गेले, एक पायरी उतरले, वर तोंड करून उभे राहिले, आणि दोन्ही हात पुढे केले.

"खाली बघू नका," ते म्हणाले. "माझ्याकडे बघा. मी हात सोडत नाही."

आपलेच फर्मान आपल्यावर आले हे बाईसाहेबांनी ओळखिले. त्या बराच वेळ उंबरठ्यात उभ्या होत्या. मग त्यांनी हात दिले, आणि सैन्य हलले.

त्या मोहिमेचे वर्णन काय करावे. भिंगोबा उलट पावली, मागे पायरी आहे की नाही हे टाचेने चाचपीत, आणि बाईसाहेब त्यांच्या चष्म्यात नजर रोवून, ऐसे मजल दरमजल उतरू लागले. चौथा सोडिला. तिसऱ्यावर मुक्काम करून श्वास घेतला. मग तो घातकी टप्पा आला, आणि बाईसाहेबांचे हात बर्फ जाहले.

"हात सोडू नकोस."

"नाही सोडत."

"शपथ?"

"तुझी."

"माझी नको, तुझी घे," बाईसाहेब म्हणाल्या, आणि या हुज्जतीत दोन पायऱ्या नकळत फत्ते जाहल्या. इतक्यात खाली काकूंचे दार करकरले. भिंगोबांच्या मनात आले की आता तेल निघणार, शेक निघणार, आणि बुडालो. परंतु काकूंनी वर पाहिले, उघडलेले तोंड मिटले, पुढे येऊन दारापुढच्या चपला आणि कुंडी बिनबोभाट उचलून आत नेली, आणि वाट मोकळी केली. त्या इमारतीत काकू गप्प राहिल्याचा हा एकच प्रसंग, आणि तो भिंगोबा जन्मभर विसरणार नाहीत.

दुसरा मजला मागे पडला. पुढे पायऱ्यांवर ऊन आले होते. बाईसाहेब आता मामांच्या दुकानी यंदा कोणता स्वाद घ्यावा याविषयी बोलू लागल्या, आणि बोलता बोलता उतरत राहिल्या, एक हात कठड्यावर, एक पुढे धरलेला. जिना संपला, फरशी आली, आणि त्यांनी पाहिले की पुढे धरलेल्या हातात काहीच नाही, आणि भिंगोबा चार हात दूर फाटकापाशी उभे आहेत.

"हात सोडलास?"

"सोडला."

"कधी?"

"काकूंच्या दारापाशी."

"लबाडा. शपथ घेतली होतीस."

"माझीच घेतली होती. मला काही झालं नाही. आणि मास्तरीणच तशी मिळाली, त्याला मी काय करू?"

बाईसाहेबांनी त्यांच्या दंडावर एक चापट ठेवून दिली. मग मागे वळून जिन्याकडे पाहिले, आणि पाहतच राहिल्या.

मामांनी दोघांस उन्हात येताना पाहिले, आणि न सांगता दोन कोन रचिले. युद्धास तोंड लागले. बाईसाहेब खाशा डावपेचाने कडेकडेने गोळा राखीत होत्या. भिंगोबांची फौजही तयारीची होती, परंतु सरदाराचे लक्ष कोनावर नव्हते. उन्हात दोन पायांवर उभी असलेली बायको त्यांस किती दिवसांनी दिसत होती. ते पाहत राहिले, आणि एक भला मोठा थेंब त्यांच्या चपलेस चाटून जमिनीवर पडला.

"भांडी," बाईसाहेब म्हणाल्या.

"कबूल," भिंगोबा म्हणाले, आणि पराभव पावून इतका संतुष्ट जाहलेला सरदार मामांनी दुसरा पाहिला नव्हता.

परतताना बाईसाहेब पुढे आणि भिंगोबा मागे. काकूंस त्यांनी डब्यातले आइस्क्रीम नजर केले, आणि काकूंस वाचा परत आली, ती पुष्कळ वेळ येतच होती. मग तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे, जेथे पाय निसटला होता त्याच पायरीवर, बाईसाहेब थांबल्या आणि हात मागे केला.

"दुखतंय का?" भिंगोबांनी घाबरून विचारले.

"मला नाही. चार मजले उलटा उतरलास, तुझे गुडघे कापतायत मघापासून. धर हात."

"सोडशील."

"नाही सोडत."

येणेप्रमाणे चार मजल्यांचा जिना उतरून व चढून सर जाहला, कोनाचा मुलूख ताब्यात आला, आणि सोमवारी शिट्टी गळ्यात घालून बाईसाहेब तलावावर दाखल जाहल्या. मोहिमेत एका थर्मासास आइस्क्रीमाचा वास लागला, तो अद्याप उन्हात ठेविला आहे, आणि भांडी भिंगोबांकडे चालू आहेत. फत्ते कोणाची, यावर उभयतांत अजून वाद आहे, तो मिटावा ऐसी कोणाची इच्छा दिसत नाही. एक गोष्ट मात्र येथेच राहू द्यावी, तलावावरच्या पोरांच्या कानी जाऊ देऊ नये, नाही तर ताईंचा वचक राहणार नाही: तो हात बाईसाहेबांनी चौथ्या मजल्यापर्यंत खरोखरच सोडला नाही.