नानांनी जेवणाचं विचारलं की

आमच्या कडाव गावात हिराजीनानांनी "जेवलात का?" असं विचारलं की कोणी सरळ उत्तर देत नाही. दुसऱ्या कोणी विचारलं तर आपण "हो झालं, तुमचं?" म्हणून पुढे जातो. नानांनी विचारलं की माणूस जागच्या जागी थांबतो, आपल्या घरात आणि नात्यात कोण कोण आजारी आहे ते आठवतो आणि घाबऱ्या आवाजात म्हणतो, "का हो नाना? काय झालं?"

याला कारण आहे. गावात कोणी वारलं की पाहुण्यांच्या गावी जाऊन तसं सांगायचं, म्हणजे सांगावा न्यायचा, हे काम नाना वयाच्या विसाव्या वर्षापासून करत आले. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना कोणी नेमलं नव्हतं आणि कोणी कधी काही दिलंही नाही. सायकलवर, एसटीनं, पावसात चिखल तुडवत पायी, कसेही जात. या कामाचे त्यांचे स्वतःचे नियम होते आणि ते अजूनही आहेत. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायची. पाणी दिलं तरी प्यायचं नाही. आणि तोंडातून पहिला प्रश्न, "जेवलात का?" जेवले नसतील तर "आधी जेवून घ्या" म्हणून अंगणात बसून राहायचं. कारण एकदा बातमी कळली की त्या घरात चूल पेटत नाही, आणि पुढचा दिवस रडायला अंगात बळ लागतं.

मग बातमी तीन टप्प्यांत. पहिल्यांदा, "तब्येत जरा जास्त हाय." थोडं थांबून, "काय खरं दिसत नाय." आणि मग खाली बघून, "राह्यले नायत."

गेल्या वर्षी शेजारच्या आळीत हळद होती. नानांना पंगतीत भात वाढायला लावलं होतं. त्यांनी भाताचं पातेलं घेऊन नवरीच्या बापाला सहज विचारलं, "जेवलास का रं?" तो बिचारा तिथंच मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला. बायका धावल्या, बँजो थांबला. नाना पातेलं घेऊन उभे. "अरं, भात इचारतोय मी, भात!"

अशा माणसाच्या हातात मुलानं मोबाईल दिला. मुलगा दिनेश मस्कतला असतो. नानी जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे घरात नाना एकटेच. त्यांनी मोबाईल घरात घेतलाच नाही. पडवीच्या खांबाला खिळा ठोकला आणि त्यावर कापडी पिशवीत तो टांगला. "कुठनं काय बातमी येईल त्याचा नेम नाय. घरात देव हायत, चूल हाय. त्यानं भायेरच ऱ्हावं," हे त्यांचं म्हणणं. फोन वाजला की नाना आधी टोपी काढतात, अंगणात उतरतात आणि मग बटण दाबतात. स्वतः फोन लावला तर "हॅलो"च्या आधी म्हणतात, "बरं हाय सगळं." नावगाव नंतर. दिनेशलाही त्यांनी हीच शिस्त लावली आहे. एकदा कर्ज विकणाऱ्या कुठल्याशा मुलीचा फोन आला. नाना तिला म्हणाले, "बरं हाय ना सगळं? घरची बरी हायत?" तिनं फोनच ठेवला. नाना दिवसभर म्हणत होते, पोरीच्या घरी काहीतरी झालंय.

आता सांगावे कोण नेणार? माणसाचा श्वास थांबायचा अवकाश, बातमी तीन तालुक्यांत पोचलेली असते. तरी नाना निघतातच. एकदा वंजारपाड्याला एकाच्या दारात टोपी काढून उभे राहिले, तर तो ताटावर बसल्या बसल्या मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला, "हो नाना, पाहिलं स्टेटसला. फुलं टाकलीत मी." आणि त्यानं पापडाचा तुकडा मोडला. नाना परत आल्यावर माझ्या दुकानात येऊन बसले. टोपी हातातच होती.

माझ्या दुकानाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथं झाला. माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर मी करतो आणि श्रद्धांजलीचे फोटोही मीच करतो. फोटो, त्याला हार, खाली दोन समया, नाव आणि अंत्ययात्रेची वेळ. दहा मिनिटांत तयार. लोक म्हणतात, "सुनील, तुझा हार अगदी खरा वाटतो." मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

माझे मोठे काका कर्जतच्या दवाखान्यात होते. दोन दिवसांत घरी सोडणार म्हणता म्हणता एके सकाळी आठच्या सुमाराला गेले. घरात रडारड, फोनाफोनी. कोणीतरी मला म्हणालं, "सुन्या, तीनची वेळ ठरलीय, फोटो करून टाक." मी दुकान उघडलं, रडत रडतच फोटो केला, हार लावला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. सवयीनं. लगेच हात जोडलेले, फुलं, "भावपूर्ण श्रद्धांजली" असं सगळं धडाधड येऊ लागलं.

तेवढ्यात नाना दुकानाच्या पायरीशी आले. टोपी डोक्यावरच होती. त्यांनी विचारलं, "बायजेला कोण सांगाय गेलं?"

बायजाआत्या म्हणजे काकांची एकुलती एक धाकटी बहीण. मोहोपाड्याला मुलाकडे राहते. तिला रक्तदाबाचा त्रास, वय अडुसष्ट. मुलगा केमिकल कंपनीत, त्याचा मोबाईल गेटवर जमा होतो. सून शाळेत शिकवते, दोनला घरी येते. म्हणजे आत्या घरात एकटी. आणि ती त्या ग्रुपवर आहे. गेल्या दिवाळीत मीच तिला घेतलं होतं, तेवढीच तिला करमणूक म्हणून.

मी पुसून टाकायला गेलो, पण त्याखाली तीस जणांच्या श्रद्धांजल्या पडल्या होत्या. त्या मी कशा पुसणार? "फोन लावून मीच सांगतो," म्हटलं. नानांनी माझा हात धरला.

"फोनवर सांगशील आणि फोन ठेवशील. मग ती कोणाकडं बघंल रं?"

मी माझी व्हॅन काढली. मी चालवायला आणि नाना शेजारी. माझा मोबाईल मी त्यांच्या हातात दिला. त्यावर त्या फोटोची यादी उघडून ठेवली होती. वर ज्यांनी वाचलं त्यांची नावं, खाली ज्यांना नुसतं पोचलं त्यांची. "नाना, ‘आत्या’ हे नाव खाली आहे. ते वर गेलं तर सांगा."

नानांनी आयुष्यात इतक्या जबाबदारीनं काही धरलं नसेल. दोन्ही हातांत मोबाईल, तोही नाकापासून हातभर लांब. कर्जत येईपर्यंत दर मिनिटाला वर्दी. "खालीच हाय... खालीच हाय... तुझा मेव्हणा वर गेला... बायजा खालीच." मध्येच मोबाईलचा उजेड आपोआप विझला, तर नाना केवढ्यानं ओरडले! "सुन्या, काळं झालं रं सगळं!" मी व्हॅन जवळजवळ गटारात घातली होती. बोट लावून उजेड करायचा हे शिकवल्यावर त्यांनी बोट स्क्रीनवरून हलवलंच नाही.

चौक गावाच्या रेल्वे फाटकाशी अडकलो. मालगाडी काही संपेना. मला घाम फुटला होता. आत्या सकाळी कामं उरकली की चष्मा लावून मोबाईल घेऊन बसते हे मला ठाऊक होतं. भावाचा फोटो, त्याला मी लावलेला हार, घरात कोणी नाही. तिला काही झालं तर? एका घरातून एका दिवशी दोन... मला पुढचा विचार करवेना. मी नानांना विचारलं, "कुठे आहे?"

"खाली. खालीच हाय. तू समोर बघ."

मोहोपाड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. कॉलनीत तिसरी बिल्डिंग, दुसरा मजला. नानांपुढे नवाच प्रश्न. अंगण कुठाय? शेवटी ते दारासमोर जिन्यापाशी, चपलांच्या रॅकशेजारी, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे. बेल मी वाजवली.

आत्यानं दार उघडलं. नानांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. नाना म्हणाले, "जेवलीस का गं बायजे?"

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "नाय. जेवते."

दार उघडंच ठेवून ती आत गेली. अर्धी भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन समोरच फरशीवर बसली आणि जेवू लागली. आम्ही दोघं चपलांच्या रॅकशेजारी उभे राहून एका म्हाताऱ्या बाईचं जेवण बघत होतो. वरच्या मजल्यावरची बाई खाली उतरली, आमच्याकडे संशयानं बघत गेली. आत्यानं शेवटचा घास पाण्याबरोबर उतरवला, हात धुतला, पदराला पुसला आणि दारात आली.

"सांग आता."

"बायजे, दादाची तब्येत जरा जास्त हाय," नाना म्हणाले. तिनं मान हलवली. "काय खरं दिसत नाय." तिनं पुन्हा मान हलवली. नानांनी खाली पाहिलं. "राह्यला नाय गं."

मग मात्र तिनं जो हंबरडा फोडला, तो अख्ख्या बिल्डिंगनं ऐकला. नाना आयुष्यात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत गेले, कारण ती कोसळत होती आणि कोणीतरी धरायला हवं होतं.

कंपनीच्या गेटवर तिच्या मुलासाठी निरोप ठेवला आणि कडावला निघालो. तीनच्या आधी पोचायचं होतं. चौक गेल्यावर आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "सुन्या, फोटो तू केलास ना? हार चांगला लावलास."

माझा पाय ब्रेकवर गेला. "आत्या, तू... पण तू तर उघडलं नव्हतंस!"

"फोन वाजला तवा वरच्या पट्टीत दिसलं की रं. नऊ वाजताच दिसलं. उघडलं नाय मी." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "उघडलं असतं तर तुमी म्हणला असता, तिला कळलं. मग कोण आलं असतं? फोन उपडा ठेवला आणि बसून ऱ्हायले. म्हणलं, कडावातनं कोणतरी सांगाय येईल. तवर एकटीनं कोणाजवळ रडू?"

नऊपासून अकरापर्यंत. दोन तास ती डोळ्यांत पाणी येऊ न देता बसली होती, आणि ते सगळं मी दहा मिनिटांत केलेल्या फोटोमुळे. मला माझीच लाज वाटली. पुढच्या सीटवर नानांचं बोट अजून माझ्या मोबाईलवरच होतं.

काकांचं तेरावं झाल्यावर एका दुपारी नाना आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले. बारा वाजून गेले होते. मशीन चालू होतं आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. शर्टाची वरची गुंडी तुटलेली, गाल बसलेले. मला एकदम वाटलं, या माणसानं आजवर किती दारांत उभं राहून हा प्रश्न विचारला असेल. पण नानी गेल्यापासून त्यांना तो कोणी विचारला असेल का? तो त्यांच्या तोंडून ऐकायच्या भीतीनं आम्ही सगळे त्यांना बघून वाट बदलत होतो. माझं मन भरून आलं आणि मी म्हणालो, "नाना, जेवलात का?"

नानांचा हात काउंटरवरच राहिला. ते एक पाऊल मागे सरले आणि पायरी उतरून रस्त्यावर उभे राहिले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढली.

"जेवलोय," ते म्हणाले. "जेवलोय रं मी. सांग. दिनेश बरा हाय ना?"

"नाना, नाही हो! तसं काही नाही!" मी काउंटरवरून जवळजवळ उडी मारली. पण त्यांना ऐकू जात नव्हतं. ओठ हलत होते, टोपी ते दोन्ही हातांनी चुरगळत होते. मग मी तिथंच, रस्त्यात, मस्कतला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. उचलला एकदाचा. मी मोबाईल नानांच्या कानाला लावला. पलीकडून दिनेशचा आवाज मलाही ऐकू आला.

"बरं हाय सगळं."

नाना नुसतं ऐकत राहिले. मग मोबाईल मला परत दिला, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि पायरीवर बसले. मी पाणी दिलं. या वेळी ते प्यायले.

"नाना," मी विचारलं, "खरंच जेवला होतात?"

"नाय रं," ते म्हणाले. "सकाळपासून काय नाय. पण बातमी ऐकायला दम निघंना."

मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांना जेवायला घरी घेऊन गेलो.