भटवाडीच्या प्रसूतिगृहावर लिफ्टचा कायदा चालून आला ती हकीकत

श्रीगजाननास दंडवत, कुलस्वामिनीस दंडवत, आणि ज्यांच्या मातोश्रींनी कळा सोसल्या त्या तमाम वाचकांस जोहार. शके एकोणीसशे आठ, अक्षय नाम संवत्सरी, घाटकोपर परगण्यात मौजे भटवाडी येथे श्रीमंगल धर्मादाय प्रसूतिगृहावर जे अरिष्ट आले आणि ते कैसे टळले, ते जैसे घडले तैसे सांगतो. मध्ये कोणी उठू नये. चहा आधीच घ्यावा.

तर प्रसूतिगृह म्हणजे काय, एक बैठी इमारत, वर मंगलोरी कौले, आणि टेकडीवरच्या साऱ्या कोकणी मुलखाची बाळंतपणे तेथेच होत. ऐसियास सरकारदरबारी कायदा जाहला की, ज्या प्रसूतिगृहास लिफ्ट नाही, त्याने पौष लागताच दार लावावे. आता लिफ्ट बसवावी तरी ती जाणार कुठे? वर कौले, कौलांवर कावळे. पण कायदा तो कायदा. थोरले रुग्णालय रुळांपलीकडे, आणि कळा आलेली बाई पाहताच रिक्षावाले "उधर नहीं जाने का" म्हणोन मीटरसकट पसार. वाट लागली ती गरोदर बायांची.

प्रसूतिगृहाचे किल्लेदार, वैद्यकुलभूषण डॉक्टर विद्याधर राजाध्यक्ष, यांनी विडा उचलिला. इलाख्याचे आमदार, अखंडहारतुरेमंडित चंद्रप्रकाशराव म्हसकर, यांचा दरबार दर रविवारी सकाळी भरे. तेथे डॉक्टरांनी स्लाइड-प्रोजेक्टर नामे तोफ घेऊन कूच केले, आणि खिडक्या लावून भिंतीवर पांढरी चादर ताणिली, आणि बालमृत्यूंचे आलेख दाखवावयास बटण दाबिले, मग एकच बार उडाला आणि फ्यूज गेला आणि पंखे थांबले, आणि फिर्यादी लोक घामाने निथळत डॉक्टरांच्या सात पिढ्यांस आठवू लागले. आमदारांनी अंधारातूनच हुकूम केला की, "डॉक्टर, आधी वायरमन आणा, मग बोला." तोफ जागीच टाकून डॉक्टर पळाले. पहिल्या लढाईत शिकस्त खाल्ली.

मग मेट्रन सुहासिनीबाई लोटलीकर यांनी मसलत दिली. त्यांची कमरपट्ट्याची किल्ली वाजली की नवजात पोरेदेखील रडणे थांबवीत.

"डॉक्टर, तुम्ही त्यांना तुमचं दुखणं सांगायला गेलात," बाई म्हणाल्या. "त्यांचं दुखतं कुठे ते बघा ना जरा. येत्या मंगळवारी साहेबांचा वाढदिवस. दरसाल आपल्या वॉर्डात येऊन केळी वाटतात, फोटो छापून आणतात."

"मग?"

"मग वॉर्ड रिकामा ठेवायचा. बाळंतिणी मागच्या खोलीत. साहेबांना राहवतंय का बघू."

डॉक्टर पापभीरू. परंतु मनी हसले आणि रुकार दिला.

मंगळवारी खासा स्वारी आली. पुढे बँड, मागे केळ्यांचा टेंपो, बाजूस फोटोग्राफर, आणि हारांचे ओझे सांभाळीत चिटणीस धाकू, ज्याच्या मिशा पाहून रस्त्यावरची कुत्री वाट देत. आमदार हसतमुखाने वॉर्डात शिरले आणि पाहतात तो खाटा लखलखीत, चादरी कडक, आणि माणूस एक नाही.

"पेशंट कुठेत?"

"साहेब, पौषापासून असंच असणार," डॉक्टर हात जोडून वदले. "म्हटलं, कायद्याची रंगीत तालीम घ्यावी."

"अहो, मग मी केळी देऊ कुणाला? खाटांना?"

बाई छताकडे पाहत राहिल्या. फोटोग्राफर घड्याळाकडे पाहू लागला. तेव्हा आमदारांनी निर्वाणीची आज्ञा केली की, धाकूने खाटेवर निजावे आणि गळ्यापर्यंत चादर घ्यावी.

"साहेब, हा बायकांचा वॉर्ड आहे हो!"

"मिशा झाक आणि पड रे!"

धाकू पडला. आमदारांनी केळे पुढे केले, फोटोग्राफराने डोळा मिटला, तोच दारात एकच कल्लोळ जाहला. टेकडीवरील वनमालाबाई आपली सून मालन हिला धरून आत घुसल्या. मालनचे दिवस भरलेले, कळांवर कळा. हे कोणाच्याही मसलतीत नव्हते.

वनमालाबाईंनी खाटेवरली चादर ओढली, खाली मिशा पाहिल्या आणि गर्जना केली, "ऊठ मेल्या! माझी सून कळांनी तळमळता, नि तू हय आडवो पडलंस? तुका काय झाला?"

धाकू हारांसकट खाटेखाली गेला. सुहासिनीबाईंनी मालनला कवेत घेतले, नर्सेस धावल्या, आणि लेबर रूमकडे जाता जाता बाईंनी मागे वळून आमदारांस पुसले, "साहेब, हिला आत घेऊ ना?"

"मला काय विचारता बाई! घ्या आत!"

"आणि पौषात जी येईल, तिला?"

दार लागले. आमदार बाकावर बसले. वनमालाबाई शेजारी टेकल्या आणि हा पोटुशीचा कोणी मामा असावा समजून थर्मास त्यांच्या हाती देत्या जाहल्या. "धर ह्यो. तू कोणाचो रे, झिला?"

"मी... आमदार."

"आमदार? मगे ह्या दवाखान्याक टाळा लावूक सांगणारो तूच काय?"

चंद्रप्रकाशरावांनी असत्य बोलावयाचे मनी आणिले, कारण सवय होती. परंतु आतून मालनची किंकाळी आली आणि ते खरे बोलिले. "मावशी, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. वाचलं नव्हतं."

"मगे आता वाच!" म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांनी कायद्याचा कागद पुढे केला. एकच पान. बँड बाहेर ताटकळला, हार सुकले, फोटोग्राफर निघून गेला, आणि आमदार थर्मास मांडीवर ठेवून वाचीत राहिले, आणि दोनदा कपाळास हात लाविला, मग आत टाहो फुटला. मालनला कन्यारत्न जाहले.

त्याउपरी नागपुरी हिवाळी अधिवेशनात चंद्रप्रकाशराव उभे राहिले आणि सभागृहास पुसते जाहले की, बैठ्या इमारतीत लिफ्ट बसविली तर बाळंतिणीने तिच्यात बसून जावे कोठे? सभागृह खो खो हसले. कोणी म्हणाले, हात तर तुम्हीही वर केला होता. ते म्हणाले, केला होता, आता खाली घेतो. मग बाकीचे हातही खाली आले, आणि तळमजल्याच्या प्रसूतिगृहांस लिफ्ट माफ, ऐसी दुरुस्ती मंजूर जाहली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. भटवाडीचे दार दिवसरात्र उघडे आहे. ज्यांचे दिवस भरले असतील त्यांनी बेलाशक यावे, मावशीस संगे आणावे. जाणिजे.