हनुमंतरावांच्या आवडीनिवडी

सकाळी आठ वाजता हनुमंतराव फोनवर ओरडत होते आणि फोनच्या पलीकडे माणूस नव्हता.

“कालच सांगितलं ना तुला, मला आपण-बिपण म्हनू नको? आन् उत्तर तीन वळीत दे. रोज काय नव्यानं वळख द्यायची का?”

बेगडेवाडीत त्यांचा राग सगळ्यांना ठाऊक होता. तीस वर्षं कारखान्यात यंत्रांच्या वरताण आवाज काढून माणसं हाकली. निवृत्तीनंतर यंत्रं तिकडंच राहिली आणि आवाज तेवढा घरी आला. अर्ज-तक्रारी लिहायला दर वेळी आपल्याला कामावर फोन नको, म्हणून अनघानं, त्यांच्या मुलीनं, फोनमध्ये हा बोलणारा मदतनीस घालून दिला होता.

“बाबा, त्याला ‘लक्षात ठेव’ असं स्पष्ट सांगा. मग तो कायमचं ठेवतो. रागावून काही होत नाही.”

“म्या कुटं रागावलो? समजावून सांगतोय.”

पण त्यांनी तसं सांगून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मदतनिसानं खरोखरच तीन ओळींत, ‘तुम्ही’ म्हणून उत्तर दिलं. हनुमंतराव हरखून गेले. आपलं सांगणं एकदा ऐकून ध्यानात ठेवणारं घरात कुणीतरी आलं होतं. मग त्यांनी धडाकाच लावला. अर्जात इंग्रजी शब्द नको, लक्षात ठेव. सकाळी दहाच्या आत बोलायचं न्हाई, लक्षात ठेव. जे बायकोला सांगायची सोय नव्हती तेही त्याला सांगू लागले.

अशातच शेवग्याचं प्रकरण झालं. शेजारीच राहणाऱ्या धाकट्या भावानं, पवननं, बांधावरचा शेवगा बुंध्यापासून तोडला. वाळत घातलेल्या कपड्यांवर सुरवंट पडतात, हे त्याचं कारण. झाड हनुमंतरावांनी लावलेलं. त्या दिवशी दोघा भावांची जुंपली ती सगळ्या आळीनं ऐकली, आणि घरात येऊन हनुमंतरावांनी उरलेला राग फोनवर काढला.

“त्या पवन्याचं नाव हितनं फुडं माज्यासमोर काढायचं न्हाई. लक्षात ठेव.”

“लक्षात ठेवलं,” फोन म्हणाला.

तीन महिन्यांनी अनघाचं लग्न ठरलं. मुलगा घोरावाडीचा, आकाश, माणसं चांगली. भामाबाई, हनुमंतरावांची बायको, स्वतः पवनच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, “पोरीला एकच चुलता हाय.” पवन दुसऱ्या दिवशी येऊन हॉल ठरवण्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळं अंगावर घेऊन बसला. शेवग्याचा विषय कुणी काढला नाही.

पत्रिका मात्र हनुमंतरावांनी कुणाला करू दिली नाही. “आमच्या घरच्या मान्सांची नावं तुला ठावं हायती, ती समदी घाल,” त्यांनी मदतनिसाला सांगितलं. क्षणात सुरेख पत्रिका तयार झाली. वर बुद्धवंदना, खाली ‘सस्नेह जय भीम’. चष्मा सापडत नव्हता, पण त्यांनी ती लगेच भावकीच्या ग्रुपवर टाकली.

दहा मिनिटांत भामाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “ह्यात पवनभाऊजींचं नाव कुटं हाय?”

हनुमंतरावांनी चष्मा शोधला. नाव नव्हतं. अडीच मैलांवरच्या मावसभावाचं होतं, सख्ख्या भावाचं नव्हतं. त्यांचं डोकं भणाणलं.

“अरं ए गाढवा, पवनचं नाव घाल! सगळ्यात वर घाल, मोठ्या अक्षरात!”

त्यानं घातलं. आता सावकाश वाचून बघावं एवढा धीर हनुमंतरावांना नव्हता. पवननं पहिली पत्रिका पाहायच्या आत दुसरी गेली पाहिजे, या घाईत त्यांनी तीही ग्रुपवर सोडली.

पवन तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या ड्युटीवर होता. पण त्याची बायको सारिका घरीच होती, आणि तिला पहिला फोन आला तो तिच्या आत्याचा. “अगं, पवनरावांचं दुसरं लगीन लागतंय व्हय? पत्रिका आलीय. सगळ्यात वर त्येंचंच नाव हाय.” पुढच्या तासाभरात असे सहा फोन आले. एकानं तर तिला धीर दिला.

संध्याकाळी पवन गणवेशातच येऊन दारात उभा राहिला. मागं सारिका.

“दादा, पयल्या पत्रिकेत मला गाळलं. दुसरीत मला बोहल्यावर चढवलं. शेवग्याचा राग हाय तर तोंडावर बोल.”

“म्या गाळलं न्हाई. ह्या भाड्यानं गाळलं!” हनुमंतरावांनी फोन टेबलावर आपटला. “इचार त्याला. का रं, पवनचं नाव का घातलं न्हाईस?”

“एका नातेवाइकाचं नाव तुमच्यासमोर काढायचं नाही, असं तुम्ही सांगितलं होतं,” फोन शांतपणे म्हणाला.

पवन बाकावर दादाच्या शेजारी येऊन बसला. “आनखी काय सांगितलंय त्याला?”

“काय बी न्हाई. चहाचं, अर्जाचं. सांग रं, काय काय लक्षात ठेवलंस ते. सगळं सांग, ऐकू दे ह्येला.”

अनघा पुढं झाली, “बाबा, नको,” म्हणाली. पण उशीर झाला होता.

“उत्तरं तीन ओळींत हवीत,” फोन वाचू लागला. “अर्जात इंग्रजी शब्द नकोत. स्टेशनवर खाल्लेले वडापाव डॉक्टरांना दाखवायच्या खाण्याच्या यादीत धरायचे नाहीत. होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला तर टाळायला कारण सुचवायचं, कारण ते बोलायला लागले की थांबत नाहीत. त्या नातेवाइकापेक्षा शेवग्याला जास्त अक्कल होती. पत्नी चिडली की तिला उत्तर द्यायचं नाही, ती आपोआप गप्प होते.”

हनुमंतराव फोन बंद करायचं बटण शोधत होते. पवन तोंड उघडून काहीतरी जबर बोलणार होता, पण त्याची नजर भामाबाईंकडं गेली आणि तो बसल्या जागी आकसला. भामाबाई चिडलेल्या त्यानं कधीच पाहिल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला.

“अनघा, बाईमान्सानं सांगितलेलं ठिवतंय का ह्ये?”

“ठेवतं की, आई.”

“मग ऐक रं. आदी पत्रिकेचं. अनघा, आकाश, मग आईबापं, मग पवन आन् सारिका. छापायच्या आदी मला वाचून दाखवायची. ह्या दोगांपैकी कुनी काय बदलाय सांगितलं तर बदलायचं न्हाई.” त्यांनी श्वास घेतला. “आता माजं. मला वांगं आवडत न्हाई.”

“कवापासनं?” हनुमंतरावांच्या तोंडून निघालं. घरात आठवड्यातून तीनदा वांगं होत होतं.

“लगीन झाल्यापासनं. बातम्या येवढ्या मोठ्यानं लावल्या की माजं डोकं दुकतं. मला खिडकीजवळची खाट पायजे. आन् मला लोणावळ्याला धरनाच्या पायऱ्यांवर पान्यात बसायचंय. ह्यो रोज ड्युटीला तितं जातोय, एकदा बी ‘वहिनी, चल’ म्हनला न्हाई.”

पवननं मान खाली घातली. दोघे भाऊ एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसले होते आणि दोघांपैकी कुणालाही कशाचाच राग येत नव्हता.

“लक्षात ठेवलं,” फोन म्हणाला. “आणखी काही सांगायचं आहे का?”

“हाय की,” भामाबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून खुर्चीत ऐसपैस बसल्या.