दादासोंनी जागा धरली!

पलूस ते सांगली सत्तावीस वर्षं वडापची जीप चालवलेल्या माणसाला जगातला कुठलाच रस्ता चकवू शकत नाही, असं दादासोंचं ठाम मत होतं! त्यामुळे घानातल्या साखर कारखान्यात इंजिनिअर असलेल्या जावयानं, इंद्रजितनं, "मामा, विमानतळावर गाडी पाठवतो," म्हटल्यावर ते उखडलेच.

"आवं पाव्हणं, मी काय पार्सल हाय व्हय? माझा मी येतो!"

नातीचं बारसं दुपारी बाराला होतं. बायकोचे, सुलाबाईंचे, गुडघे त्यांना विमानात चढू देईनात, पण त्यांनी महिनाभर डोळे फोडून शिवलेली कुंची मात्र निघाली होती. "ती घातल्याबिगर पोरगीला पाळण्यात घालायचं न्हाई," असं त्यांनी लेकीला, अंकिताला, बजावलं होतं. वर कुंचीच्या पिशवीवर अंकिताचा पत्ता आणि फोन नंबर लाल दोऱ्यानं भरला होता, तोही इंग्रजीत!

"मी काय जत्रंत हरवणारं पोरगं हाय?" दादासो गुरगुरले.

"तुमच्यासाठी न्हाई, पिशवीसाठी हाय," सुलाबाई म्हणाल्या.

घानात वडापाला ट्रोट्रो म्हणतात. राजधानीच्या स्टँडवर सकाळी ती बघताच दादासोंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दार दोरीनं बांधलेलं, टपावर बोकड, आणि दारात उभा राहून गावाचं नाव ओरडणारा धिप्पाड कंडक्टर! दादासोंनी कारखान्याच्या गावाचं नाव ओळखलं आणि खिडकीतून पिशवी आत टाकली. जागा धरली! पलूसच्या स्टँडवर खिडकीतून टाकलेला रुमाल म्हणजे सातबाराच. मालक आल्याशिवाय गाडी हलत नाही. मग ते निवांत तळलेली केळी खायला गेले.

दुसरं केळं तोंडात होतं तेव्हा गाडी हलली. कुंची गेली, पिशवीतला मोबाइलही गेला!

"आरं थांब! माझी जागा हाय ती!"

कोण थांबतंय! दादासोंनी धोतराचा काचा मारला आणि एका मोटारसायकलवाल्याच्या मागं उडी टाकली. "पळीव गड्या! नातीचं बारसं हाय!" त्या बिचाऱ्याला शब्द कळला नाही, पण बोट कुठं दाखवतंय ते कळलं. नदीवर पोचले तर ट्रोट्रोला घेऊन तराफा निम्म्या पाण्यात! दादासो होडीत बसले. होडी गळत होती. मग काय, डबा घेऊन पाणी उपसत त्यांनी पैलतीर गाठला. ट्रोट्रो पसार! तिथं एक ट्रॅक्टर मात्र उभा होता, उसानं भरलेला.

"ऊस म्हंजे कारखान्यालाच जाणार," म्हणत ते मोळ्यांवर चढले. वर बसल्यावर मात्र त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दोन केळ्यांपायी सुलीची कुंची घालवली! आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

दीड वाजता, अंगभर उसाचं पाचट घेऊन दादासो दारात उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "अंकिता, माझ्याकडनं लय मोठी चूक झाली..."

बोलता बोलता त्यांनी आत पाहिलं. पाळण्यात नात झोपली होती. डोक्यावर तीच कुंची! कोपऱ्यात तो धिप्पाड कंडक्टर, कोजो, मजेत घुगऱ्या खात होता. दादासोंना बघताच तो उठला आणि हसत काहीतरी बोलला.

"आबा, तो म्हणतोय, पार्सल साडेअकरालाच पोचवलं," अंकिता म्हणाली. "इथं अशीच पार्सलं पाठवतात. पत्ता इतका झकास होता, की तुम्ही मागनं यायची काय गरज होती, विचारतोय!"

इंद्रजित हळूच म्हणाला, "मामा, परत जाताना तरी गाडी देऊ?"

दादासो मान डोलवणार, एवढ्यात पाळण्याशेजारी ठेवलेल्या मोबाइलमधून पलूसहून सुलाबाईंचा आवाज आला.

"गाडी नगं, पाव्हणं! त्यांच्या सदऱ्यावर पत्ता भरा आनि त्या कंडक्टरच्या हवाली करा!"